तीनशे अकरा

खोलीबाईंनी ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घातला आणि आतल्या तिन्ही पट्ट्यांच्या मागून बोटं फिरवली. मग हात बाहेर काढून तळवा सगळ्यांना दाखवला.

"रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "कोणाला बघायचंय?"

खोलीबाई हॉस्टेलच्या खोल्या वाटायच्या आणि आज त्यांची सोडत होती. हॉलमध्ये तीनशेच्या वर मुली होत्या आणि खुर्च्या शंभर. बाकीच्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर, पायऱ्यांवर, एकमेकींच्या मांडीवर. दर वर्षी बाई हा प्रश्न विचारतात आणि दर वर्षी कोणीतरी हौशी मुलगी पुढे येऊन ड्रममध्ये डोकं घालते, "हॅलो" ओरडते, आत आवाज घुमतो, सगळ्या हसतात. यंदा वकील आली.

वकील म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुलगी. कायद्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता, ती वनस्पतिशास्त्र शिकत होती. पण अंघोळीचं गरम पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तरी ती हॉस्टेलची नियमावली मागायची, म्हणून वकील. तिने फोनचा टॉर्च लावला आणि पट्टी न् पट्टी तपासली.

"मागे चिकटवलेलं काही नाही," तिने जाहीर केलं.

"सांगितलंस ते बरं केलंस," नळकाका म्हणाले. "मला झोपच लागली नसती."

नळकाका हॉस्टेलचे प्लंबर. ड्रमही त्यांचाच. म्हणजे तो मुळात हॉस्टेलच्या लॉन्ड्रीतल्या बाद झालेल्या कपडे धुवायच्या मशीनचा. वीस वर्षांपूर्वी खोल्यांची यादी साहेबांच्या केबिनमधून छापून यायची आणि यादी लागली की खिडक्यांच्या काचा फुटायच्या. तेव्हा नव्यानेच लागलेल्या खोलीबाई भंगाराच्या ढिगाशेजारी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "काका, याला हँडल बसेल का?" काकांनी बसवलं. तेव्हापासून एकही काच फुटली नव्हती. ड्रमला सगळीकडून बारीक भोकं आहेत, फिरताना आतले पितळी बिल्ले चमकताना दिसतात. बाईंना तेच तर हवं होतं. आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे.

"अजून एक," वकील जागची हलली नव्हती. "बाई, यंदा तुमची मुलगी पण आहे ना यात?"

पंख्याचा आवाज येऊ लागला.

"आहे," खोलीबाई म्हणाल्या. "दुसरं वर्ष, रसायन. बिल्ला एकशे सत्तेचाळीस. वहीत लिहिलंय, वही तिथे टांगलीये."

"नाही, मी फक्त विचारलं."

"मीही फक्त सांगितलं."

दाराजवळ, सगळ्यात मागे, त्यांची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिला काका ठिणगी म्हणायचे. सहा वर्षांची असताना ती आईबरोबर ऑफिसात आली होती आणि काकांनी तिला बारकी म्हटलं म्हणून तिने त्यांचा मोठा पाना दोन दिवस लपवून ठेवला होता. नाकाच्या शेंड्यावर राग. आत्ताही तो तिथेच होता. आजूबाजूच्या मुली वळून तिच्याकडे बघत होत्या आणि ती पंख्याकडे.

खोलीबाईंचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस, मिळून दोन तास. पहाटे निघायचं, अंधार पडल्यावर पोचायचं. वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पोरीच्या अंगवळणी पडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. गेलं वर्षभर ठिणगी बसमध्ये उभ्याने वाचायची, एक हात वरच्या दांड्याला, एका हातात वही, पान उलटायचं असेल तर हनुवटीने. तेही चाललं असतं. पण प्रयोगशाळेची बॅच संध्याकाळी आठपर्यंत आणि घराकडची शेवटची बस सव्वासातला. दर वेळी ती प्रयोग अर्धा टाकून पळायची. जोडीदारीण उरलेलं करायची, आकडे दुसऱ्या दिवशी सांगायची. परीक्षेत एकटीने करायची वेळ आली तेव्हा तिला सुरुवात सगळी येत होती. शेवट येत नव्हता. प्रॅक्टिकलला नापास. यंदाही तसंच झालं तर वर्ष गेलं.

पलंग तिला हवाच होता. चौऱ्याण्णव पलंग आणि तीनशे बारा मुली.

"रांग लावा," खोलीबाई म्हणाल्या. "आपापला बिल्ला हातात ठेवा."

बिल्ले सकाळीच वाटलेले होते. आता एकेकीने यायचं, नंबर मोठ्याने म्हणायचा, बिल्ला स्वतःच्या हाताने ड्रमच्या तोंडातून आत टाकायचा. बाईंनी वहीत खूण करायची. दुसऱ्या कोणी टाकलेला चालणार नाही, आजारी असेल तर उचलून आणा. ही त्यांची पद्धत, आणि ती पाळताना त्या कोणाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. हाताकडे बघायच्या. तीनशे हात. नखं कुरतडलेले, शाईचे, ओले. एका मुलीने बिल्ल्याची पापी घेतली. एकीने डोळे इतके घट्ट मिटले की बिल्ला बाहेर पडला आणि काकांच्या बुटावर आदळला.

"अगं, ड्रम इकडे आहे," काका म्हणाले. "माझ्या पायाला खोली नकोय."

पहिले काही बिल्ले टण्ण वाजले. नंतर बिल्ल्यावर बिल्ला पडायला लागला तसा आवाज लहान होत गेला, पण यायचा. बाईंचे कान तयार झालेले होते. आवाज आला की खूण, आवाज आला की खूण.

"एकशे सत्तेचाळीस."

हा आवाज त्यांना वर न बघताही कळला. सगळा हॉल बघतोय हेही कळलं. वकील तर पहिल्याच रांगेत, मान लांब करून. बाईंनी पेन उचललं आणि तोंड फिरवलं. सरळ भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजून वीस मिनिटं. मुलीकडे बघितलं, खूण केली, डोळा मारला, असं उद्या कोणी म्हणायला नको. त्यांनी सेकंदकाटा पुढे सरकताना बघितला. मागे कोणीतरी खुर्ची कर्रकन ओढली. मग त्यांनी वहीत खूण केली.

"एकशे अठ्ठेचाळीस," पुढची म्हणाली. टण्ण.

शेवटचा बिल्ला पडल्यावर बाईंनी फळ्यावर खडूने लिहिलं, ड्रममध्ये बिल्ले तीनशे बारा. आणि हात झटकून त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, भिंतीला पाठ लावून, हात मागे. इथून पुढे त्यांचं काम नव्हतं.

काकांनी हँडल फिरवलं. पहिला बिल्ला मेसच्या आचारीणबाईंनी काढला, कारण त्यांना खोली नको होती आणि त्यांना चष्म्याशिवाय नंबर दिसत नव्हता. पुढचा नियम सोपा. जिचा निघाला तिने पुढचा काढायचा. त्यामुळे प्रत्येक हात वेगळा आणि प्रत्येक हात नुकताच आनंदाने वेडा झालेला. मुली किंचाळत यायच्या, पुढचा काढायच्या आणि एकदम गंभीर व्हायच्या, कारण आता त्यांच्या मुठीत दुसरीचं वर्ष असायचं.

खोलीबाई ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. साठ झाले, सत्तर झाले. एकशे सेहेचाळीस निघाला. त्यांची बोटं पाठीमागे एकमेकींत अडकली. दाराजवळ ठिणगीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसाठी वाजवत होती तशाच. नव्वद. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव.

"झालं," काका म्हणाले आणि हँडलवरचा हात काढला.

वकीलचाही निघाला नव्हता. ती पुस्तकं गोळा करून निघून गेली. तक्रार नाही, काही नाही. हे त्या ड्रमचं वैशिष्ट्य होतं. रडून मुली बाहेर जायच्या, भांडून कोणी जायचं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर बाई आणि काका खुंट्यांच्या फळीपाशी आले. ही अजून एक पद्धत. फळीवर नंबर घातलेल्या खुंट्या आहेत, सोडत संपली की सगळे बिल्ले, निघालेले आणि न निघालेले, परत आपापल्या खुंटीवर. कोणी बघत नसतं तेव्हाही. काका बिल्ले द्यायचे, बाई अडकवायच्या.

"पोरीचं वाईट झालं," काका म्हणाले.

"दोनशे अठरा पोरींचं झालं."

"ते बरोबर आहे हो. मी आपलं एकीचं म्हटलं."

बाई अडकवत राहिल्या. काकांनी शेवटचा बिल्ला दिला, तो त्र्याऐंशी होता. बाईंनी तो अडकवला आणि मागे सरून फळी वाचली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग परत वाचली.

एक खुंटी रिकामी होती.

"अडकला असेल आत," काका म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून ड्रममध्ये शिरले. पट्ट्या बघितल्या, ड्रमच्या तोंडाचं रबर बघितलं. ड्रम उलटा करून हलवला. टेबलाखाली, खुर्च्यांखाली, स्वतःच्या बुटातही बघितलं. "नाही ताई. जादू झाली. कितवा आहे?"

बाई खुंटीसमोर उभ्या होत्या. त्यांच्या सावलीने नंबर झाकला होता आणि त्या बाजूला होत नव्हत्या.

"राहू द्या काका," त्या म्हणाल्या. "कुठे आहे ते कळलं मला."

काकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, खुंटीच्या जागेचा अंदाज घेतला आणि गुडघे झटकत उठले. ड्रमवर त्यांनी चादर घातली, नीट, चारी बाजूंनी खाली ओढून.

सव्वासातच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. असं महिन्यातून एकदा व्हायचं. ठिणगी खिडकीपाशी. पहिला स्टॉप गेला, दुसरा गेला. पूल आला तेव्हा खोलीबाईंनी तिच्यासमोर तळहात धरला.

ठिणगीने त्या हाताकडे बघितलं. मग बॅगेच्या आतल्या कप्प्यातून बिल्ला काढून त्यावर ठेवला. तो गरम होता. दिवसभर बहुतेक कप्प्यात नव्हताच, मुठीत होता.

"का?" आई म्हणाली.

"मला नको होती खोली."

"खोटं नीट बोलायचं असेल तर माझ्याकडे बघून बोल."

"आई, बस आहे ही."

"मला काय विमान वाटलं?"

समोरच्या सीटवरची बाई हसली आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. ठिणगीने आवाज खाली आणला, पण खाली आणलेला राग दुप्पट ऐकू येतो.

"रांगेत काय बोलत होत्या माहितीये तुला? खोलीबाईंची पोरगी आहे, ती काय बिनखोलीची राहणारे का! गेला आठवडाभर चाललंय. आणि समज निघाला असता नंबर. मग? वीस वर्षं तू त्या डब्यात हात घालून दाखवतेस. एका दिवसात सगळं पाण्यात. मग साहेबांची यादी काय आणि तुझा ड्रम काय."

"निघाला असता तर निघाला असता. नंबरच आहे तो."

"तुला वाटतं. त्यांना नसतं वाटलं."

"त्यांना काय वाटावं ते तू ठरवणार?" आईचा आवाज चढला. "मी तीनशे बारा लिहिलं फळ्यावर. आजपर्यंत मी फळ्यावर चुकीचा आकडा लिहिलेला नाही. तुला वाटलं तू मला वाचवलंस. तू मला खोटं पाडलंस."

ठिणगी गर्रकन वळली. डोळे भरलेले, पण मान ताठ.

"आणि तू? सगळ्यांच्या हाताकडे बघतेस ना? तीनशे जणींच्या हाताकडे बघितलंस. माझ्या वेळेला घड्याळात काय होतं?"

आईने बिल्ल्यावरचा नंबर अंगठ्याने पुसला.

"तू बघत असतीस ना, तर मला जमलंच नसतं," ठिणगी म्हणाली, आता हळू. "मला वाटलं तू बघशील. मी हात ड्रममध्ये घालून थांबले पण होते."

बसने वळण घेतलं. दोघी एकमेकींवर कलल्या आणि परत सरळ झाल्या. खोलीबाईंनी बिल्ला मुठीत धरला आणि त्यांचा स्टॉप येईपर्यंत मूठ उघडली नाही. उतरताना एवढंच म्हणाल्या, "बॅग दे इकडे. खांदा दुखत असेल तुझा." आणि ठिणगीने, जी कधी कोणाला आपली बॅग उचलू देत नाही, ती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी खोलीबाई हॉलमध्ये गेल्या. बिल्ला खुंटीवर अडकवला. फळ्यासमोर उभं राहून ओला फडका घेतला, पण आकडा पुसला नाही. तीनशे बारावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, तीनशे अकरा. खाली लिहिलं, मोजताना चूक माझी. आणि सही.

पहिली वाचायला वकीलच आली. घरी जायचं म्हणून पेटी ओढत चालली होती. तिने पेटी सोडली.

"बाई, एक कमी होता?"

"हो."

"म्हणजे सोडत रद्द?"

"नियम वाच. कोणाचा बिल्ला आत पडायचा राहिला तर नुकसान तिचंच. बाकीच्यांचं काही बिघडत नाही. तरी तुझी हरकत असेल तर लिहून दे, मी वरती पाठवते."

"मी देणारच आहे लिहून," वकील म्हणाली आणि तरातरा खुंट्यांकडे गेली. तिथे सगळ्या भरलेल्या होत्या. मग ती वहीकडे आली. वही दोरीने टांगलेली, कोणीही उघडावी. तिने पानं उलटली. काल रात्री लिहिलेलं नव्हतं ते, आजच लिहिलेलं होतं, शाई वेगळी. एका नंबरवरची खूण खोडलेली आणि पुढे तीन शब्द. बिल्ला टाकला नाही.

तिने नंबर वाचला. तिला तो आठवत होता, तो तिनेच काल सगळ्या हॉलसमोर बाईंकडून वदवून घेतला होता. तिने त्या नंबरवर बोट ठेवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"दे लिहून," बाई म्हणाल्या. "पेन देऊ?"

"नको," वकील म्हणाली. वही मिटून तिने दोरी सरळ केली. "माझी हरकत नाही." पेटी घेऊन ती दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "दुसरी सोडत कधी असते?"

"महिन्याने. सोडून गेलेल्यांचे पलंग निघतात तेव्हा."

महिन्याने नऊ पलंग निघाले.

सोडत परत त्याच हॉलमध्ये. या वेळी खुर्च्या पुरल्या, बऱ्याच जणींनी बाहेर कुठे कुठे सोय लावून घेतली होती. आलेल्या शहाण्णव. मधल्या महिन्यात ठिणगीचे चार प्रयोग अर्धे राहिले होते. तिला यायचं नव्हतं. सकाळी बसमध्ये आई म्हणाली होती, "ये किंवा नको येऊस. पण आलीस तर टाक." तेवढ्यावर ती आली होती.

खोलीबाईंनी ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घातला, पट्ट्यांमागून बोटं फिरवली, तळवा दाखवला. एका मुलीने आत डोकं घालून "हॅलो" केलं. हसू झालं. रांग लागली.

ठिणगीच्या मागे वकील होती. योगायोगाने की कशी कोणास ठाऊक, पण ती तिच्या अगदी पाठीला चिकटून उभी होती आणि आपल्याच बिल्ल्याशी खेळत होती.

"एकशे सत्तेचाळीस," ठिणगी म्हणाली.

पेन वहीवर थांबलं. घड्याळ भिंतीवर होतं तिथेच होतं. खोलीबाईंनी मान वर केली आणि मुलीच्या हाताकडे बघितलं. उजवा हात, अंगठ्याला प्रयोगशाळेतला पिवळा डाग, तर्जनीचं नख तुटलेलं. त्या एकटक बघत राहिल्या, सगळ्या हॉलसमोर, काही न लपवता. हात ड्रमच्या तोंडाशी जाऊन थांबला.

आज कोणी खुर्ची ओढत नव्हतं.

"टाक ना गं," मागून वकील म्हणाली, मोठ्याने, तिच्या त्या नियमावली मागायच्या आवाजात. "आणि नीट वाजू दे हां. आम्ही सगळ्या ऐकतोय."

टण्ण.

बाईंनी खूण केली. काकांनी हँडलच्या मुठीला उगाच दोनदा फडकं मारलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव," वकील म्हणाली आणि पुढे आली.